आमच्या बोअरला पाजलेलं ॲसिड

मी शिरड शहापूर सोडलं त्या दिवशी घरात हळद शिजत होती. हळद शिजवायचा दिवस आणि पोरगी परगावी जायचा दिवस एकच आला, तर कोणता पुढे ढकलायचा यावर आमच्याकडे चर्चा होत नाही. आबा, म्हणजे माझे वडील, बॉयलरपाशीच थांबले. "गाडी चुकली तर उद्याची हाय. हळद कच्ची राहिली तर वरीस गेलं," एवढंच बोलले आणि जाळात लाकूड सारलं. माय फाट्यापर्यंत आली. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. माझ्या नव्या बॅगेला ते लागू नयेत म्हणून तिने ते पाठीमागे धरले होते, त्यामुळे निरोप घेताना आम्ही एकमेकींना हात लावलाच नाही.

बॅग मारोतीने उचलली. मारोती माझा धाकटा भाऊ. कॉलेज अर्धवट सोडून तेव्हा तो नुकताच शेतीत उतरला होता. औंढ्याकडून एसटी आली तसा तो म्हणाला, "आक्का, तिकडं तेल लागलं की एक टिपाड इकडं पाठव. फोडणीला होईल."

मायने त्याला गप्प केलं आणि मला सांगितलं, "खात जाय. अन् लोकायला जास्त शिकवत बसू नको."

गाडीत बसल्याबसल्या मी यादी केली. गुजरातेत मेहसाण्याला उतरल्यावर काय काय करायचं: खोली, मेस, बँकेचं खातं, सेफ्टी शूज. रडणं त्या यादीत नव्हतं. म्हणून रडले नाही. तुमच्यापैकी जे असेच निघाले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. जे गावातच राहिले, त्यांच्यासाठी सांगते: आम्ही कठोर होतो म्हणून रडलो नाही असं नाही. करायची कामं खूप होती.

माझी नोकरी तेलाच्या विहिरींना ॲसिड देणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत, लॅबमध्ये. हे गावात कोणालाच खरं वाटायचं नाही. आपल्याकडे विहीर म्हणजे बांधलेली, पायऱ्यांची. तेलाची विहीर तशी नसते. ती बोअरसारखी अरुंद, पण आपल्या बोअरच्या कितीतरी पट खोल. खालच्या वाळूच्या दगडात तेल असतं आणि बारीक छिद्रांतून झिरपत येतं. काही वर्षांनी विहिरीच्या भोवतालची छिद्रं बुजतात, कधी क्षारांनी, कधी गाळाने, कधी खोदकामाच्या वेळच्या चिखलाने. तेल आतच असतं, पण विहीर आटल्यासारखी वागते. मग आमचा क्रू जातो. आधी साधं ॲसिड आत सोडायचं, मग काच खाणाऱ्या ॲसिडचं मिश्रण, मग मागून पाणी ढकलून ते सगळं दगडात घुसवायचं. काम झालं की लगेच उलटं बाहेर काढायचं. उशीर झाला तर विरघळलेलं तिथेच पुन्हा घट्ट बसतं आणि विहीर पहिल्यापेक्षा वाईट होते. आतले पाइप लोखंडाचे, म्हणून लोखंडाला वाचवणारं एक औषध ॲसिडमध्ये मिसळावंच लागतं. कोणत्या विहिरीला काय, किती आणि किती वेळ, हे आधी दगडाच्या तुकड्यांवर तपासून ठरवायचं, हे माझं काम.

मला ते चांगलं येतं. नम्रपणाचा आव आणून काही मिळत नाही. पहिल्या वर्षी साइटवर क्रूचे लोक मला बघून आपसात हसायचे. रमणभाई नावाचा जुना ऑपरेटर तर तोंडावर म्हणाला होता, "बेन, आ रसोडू नथी," म्हणजे हे स्वयंपाकघर नाही. मी लॅबमधून नाही म्हटलेली एक विहीर त्यांनी जबरदस्तीने केली. ती बुजली. त्यानंतर रमणभाई पंप सुरू करण्याआधी माझ्याकडे बघायला लागला. मी मान हलवली की मगच बटण. त्या मान हलवण्यासाठी मी बरंच काही सोडलं होतं, त्यामुळे ती मी कधी उगाच हलवली नाही.

लग्न इथेच झालं. मुलगी इथेच वाढली. ती शेंगदाण्याला सिंग म्हणते आणि आजीचा फोन आला की माझ्याकडे बघून हसते, "आजी काहून काहून का करते?" तिला मी रागावत नाही. माझंही मराठी आता साइटवरच्या हेल्मेटसारखं झालंय, गावी गेलं की डोक्यावर चढवायचं. कॉलेजात असताना मी आमी-तुमी बोलायचे आणि तिथे हसं व्हायचं. आता आम्ही-तुम्ही बोलते आणि गावात हसं होतं.

आबा गेल्यावर शेत मारोतीकडे आलं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी आमच्या टोकाला पोचेपर्यंत संपलेलं असतं, त्यामुळे हळद, जनावरं आणि घर, सगळं एका बोअरवर. हळूहळू त्याची धार बारीक होत गेली. मोटार थोडा वेळ पाणी द्यायची, मग नुसती हवा. तेव्हापासून मारोतीचे फोन सुरू झाले.

"आक्का, तुमी तिकडं आटलेल्या विहिरीला आसिड पाजता न? मग आपल्या बोअरला काहून न्हाई?"

मी म्हटलं, नाही जमणार. तो म्हणाला, बरं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

त्या दसऱ्याला मी गेले तर त्याने तयारीच केली होती. बोअर घेताना वर आलेल्या चुऱ्यातले पांढरे खडे त्याने जपून ठेवले होते. अंगणात चुलतघरचे लोक जमलेले. त्यात किशनकाका, म्हणजे आबांचे चुलतभाऊ, ज्यांचं शेत आणि विहीर आमच्या बांधाला लागून आहे. मारोतीने खडे एका जुन्या बशीत ठेवले आणि संडास धुवायचं ॲसिड त्यावर ओतलं. खडे फसफसले, फेस बशीबाहेर आला.

"बघा! खाऊन राहिलं का न्हाई?" मारोती ओरडला.

किशनकाका मिशीतल्या मिशीत हसले. "दगड बी मानतो, पन बहीन मानत न्हाई."

मी समजावलं. तो पांढरा दगड चुन्याच्या जातीचा, तो विरघळणारच. पण आपल्याकडे त्याच्या नुसत्या शिरा आहेत, बाकी सगळा काळा कातळ. त्याला ॲसिड काही करत नाही. मी बोलत होते आणि लोक बशीकडे बघत होते. फेसाशी वाद घालून कोणी जिंकलेलं नाही.

"गुजराथ्यायच्या विहिरी चालू करती," मारोती सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "बापाच्या बोअरचं नाव काढलं की हिला कातळ आठवतो."

माय चुलीपाशी होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

मेहसाण्याला परतल्यावर त्याचा पुन्हा फोन आला, तेव्हा मी ठरवलं की एकदाच नीट, क्रमाने सांगायचं आणि विषय संपवायचा. मी साइटवर नकार देते तसा नकार दिला, कारणांसकट. ॲसिड लोखंड खातं आणि तुझा पाइप लोखंडी आहे. आम्ही औषध मिसळतो, तुझ्याकडे ते नाही. आम्ही मागून पाणी ढकलतो तेव्हा ते दगडात शिरतं, पण तुझ्याकडे ते शिरेतून कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही, शेजारी काकांची विहीर आहे. आणि गेलेलं ॲसिड लगेच उपसावं लागतं, तुझ्याकडे लाइटचा भरवसा नाही. म्हणून नाही.

तो पहिल्यांदाच शांतपणे ऐकत होता. मध्ये एकदा विचारलं, "लोखंडाला लावता ते कसं असतं? तेलकट?"

"तेलकटच, पण ते बाजारात मिळत नाही."

"बराबर," तो म्हणाला.

मला वाटलं, पटलं. मी फोन ठेवला आणि कामाला लागले.

त्याने माझ्या नकाराच्या कारणांची कृती केली. मी जे जे सांगितलं ते सगळं त्याने केलं. हिंगोलीहून ॲसिडचे कॅन आणले. तेलकट म्हणून ट्रॅक्टरचं जळकं ऑइल पाइपच्या वरच्या टोकाला चोपडलं, जिथपर्यंत हात पोचला तिथपर्यंत. कॅन ओतले. मागून ढकलायला पाण्याचा टँकर आणला आणि तो सगळा बोअरमध्ये सोडला. पंप मात्र आतच ठेवला. नंतर मी विचारलं, निदान पंप तरी वर का नाही काढलास, तर तो माझ्यावरच चिडला: "लगेच उपसा म्हनलीस न तू? मग पंप वर काढून कशानं उपसू, तोंडानं?"

त्याच्या जागेवरून ते बरोबर होतं.

थ्री-फेज लाइट आहे हे बघूनच त्याने सकाळी ओतलं होतं. तो बटण दाबायला गेला आणि डीपी, म्हणजे शिवाराचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. शिवारातल्या सगळ्या मोटारी एकाच वेळी सुरू झाल्या की आमची डीपी जळतेच, त्यात नवल काही नाही. ती बदलून यायला आमच्याकडे जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. तोपर्यंत ॲसिड आत बसून जेवत होतं. लाइट आली, मोटार घरघरली, पाणी नाही. माणसं बोलावून पाइप ओढला तर तो हलका हलका वर आला. खालचा भाग नव्हता. पंप तळाशी जाऊन अडकला होता आणि त्याच्यावर गंजाचा लगदा. बोअर संपला.

त्याच सुमारास किशनकाकांच्या विहिरीतले मासे उलटे होऊन वर आले.

काकांनी ते टोपल्यात भरले आणि टोपलं आमच्या दारात ओतलं. माझी भावजय घरात होती. तिने ते मासे खड्डा करून पुरले आणि जागा शेणाने सारवली. काकांनी मोटार लावून विहीर रिकामी केली, पुन्हा भरू दिली, पुन्हा रिकामी केली. पाणी हळूहळू सुधारलं. पण आमच्यापैकी कोणी पाण्याला येऊ नये म्हणून त्यांनी बांधावर काटे टाकले. आमच्या वस्तीजवळ दुसरं पाणी नाही. माय आता शाळेजवळच्या हातपंपावरून घागर आणू लागली, त्या वयात, त्या गुडघ्यांनी. भावजय दुसऱ्या दोन घागरी. मारोती जनावरं घेऊन नदीकडे.

आणि मारोतीने काकांना सांगितलं, "आक्कानं सांगितलं तसं केलं."

हे मला मायने फोनवर सांगितलं. मी म्हटलं, माय, मी नाही म्हटलं होतं. कारणांसकट नाही म्हटलं होतं.

"मला म्हाईत हाय," माय म्हणाली.

"मग काकांना सांग."

यावर तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत देते, कारण माझ्या शब्दांत ते जरा मऊ होईल.

"तूच सांगितलं म्हनू दे. ह्यानं आपल्या मनानं केलं असं झालं तर किशन ह्याला जलमभर पानी देत न्हाई. तुझ्यामुळं झालं म्हनला तर राग तुझ्यावर जातो अन् पानी चालू होतं. तुला काय तकलीफ? तुला हितं राहायचं थोडंच हाय. तू ये अन् किशनसमोर एकदा म्हन."

मी पर्याय मांडले. तू माझ्याकडे ये. नवा बोअर घेऊ. ग्रामपंचायतीत बोलू. माय म्हणाली, "मी तुझ्याकडं आले तर ह्याच्या लेकरायनं काय प्यावं? बोअरला पुन्हा पानी लागंलच कशावरून? अन् पंचायतीत किशनचाच पोरगा हाय." तिचा प्रत्येक मुद्दा बरोबर होता. माझ्या यादी करण्याच्या सवयीचं खापर गावात कॉलेजवर फोडतात. ती मायकडून आलेली आहे.

मी रजा टाकली आणि गेले. काकांच्या ओसरीवर बाज टाकलेली. काका बाजेवर, त्यांची मुलं उंबऱ्यात, मारोती खांबाला टेकून. माय खाली बसलेली. बरोबर तिने रिकामी घागर आणली होती.

"ये बाई, ये," काका म्हणाले. "आसिडवाली आली. पानी दिऊ का, का मासे मारल्याबिगर तुला पानी ग्वाड लागत न्हाई?"

मुलं हसली.

"सांग, आसिड कुनाच्या डोक्यातून निघालं? ह्याच्या, का तुझ्या?"

"माझ्या, काका. मारोतीनं नुसतं ओतलं."

"मोठी नोकरी हाय म्हन तिकडं. हेच काम करती न तू?"

"व्हय."

काका बाजेवर पुढे सरकले. त्यांना मजा यायला लागली होती. "मग मला एक समजून सांग. रोजचं काम तुझं, अन् माझी विहीर नासली. म्हंजे एक तर तू मुद्दाम केलंस, न्हाई तर तुला त्यातलं कळत न्हाई. कोनतं खरं?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. मुद्दाम केलं म्हटलं तर भांडण मायच्या दारात राहणार. मी मायकडे पाहिलं. ती घागरीच्या काठावरची माती नखाने काढत होती. मारोती माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, घाई होती. बोल लवकर, अशी.

"मला कळत नव्हतं, काका."

"जोरात बोल. पोरायला ऐकू आलं न्हाई."

"मला त्यातलं काही कळत न्हाई."

"ऐकलं का रे?" काका मुलांकडे वळले. "इतकी वर्सं गुजराथ्यायला बनवून राहिली! पगार घेऊन राहिली वरून!"

सगळे मोकळेपणाने हसले. मारोतीही हसला. मी त्याला दोष देत नाही. त्या ओसरीवर न हसणं त्याला परवडणारं नव्हतं. पण हसला.

मग काकांचा राग उतरला, जसा मायने सांगितला होता तसाच. ते मायला म्हणाले, "वहिनी, तुमचा काय कसूर? भरा घागर. उद्यापासून सुनेला बी धाडा." माय उठली. काकांनी हात वर करून तिला थांबवलं. "पन एक ऐकून घ्या. ही पोरगी पुन्हा ह्या शिवारात दिसली, माझ्या पान्याचा एक घोट बी हिच्या पोटात गेला, तर त्या दिवशी तुमचं बी बंद. मंजूर?"

माय म्हणाली, "मंजूर."

मला विचारलं नव्हतं. माझी मान हलायची वाट कोणी बघत नव्हतं.

माय विहिरीकडे गेली, मी फाट्याकडे. पिशवी माझी मीच घेतली होती. औंढ्याला गाडी बदलताना देवदर्शनाला आलेल्या लोकांच्या रांगेत उभी राहून पाण्याची बाटली घेतली आणि स्टँडवरच सगळी प्यायले. मेहसाण्याला पोचून दुसऱ्या सकाळी लॅबमध्ये गेले. त्या दिवशीच्या विहिरीचे नमुने तपासले, हिशेब लिहिला, साइटवर रमणभाईने पंपापाशी उभं राहून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. विहीर चांगली सुटली, तेल वाहू लागलं. ही गोष्ट सांगायला माझ्याकडे गावात कोणी नाही, आणि मेहसाण्यात ती सांगण्यासारखी नाही, कारण इथे ती रोजचीच आहे.

बाहेर राहणारे लोक भेटले की घर या विषयावर फार हळवं बोलतात. मातीचा वास, आईच्या हातची भाकरी. मी गप्प बसते. माझा हिशेब सरळ आहे. मी शिकले, बाहेर पडले, घरी पैसे पाठवले, कपडे पाठवले, औषधं पाठवली. शेवटी घराला माझी एकच गोष्ट खरोखर उपयोगी पडली: मी तिथे राहत नाही ही. गावातल्या माणसाचं नाव जपून वापरावं लागतं, त्याला उद्या पुन्हा त्याच विहिरीवर जायचं असतं. बाहेर गेलेल्याचं नाव मोकळं असतं. ते कुठेही लावता येतं. तुमच्यापैकी जे निघून आले त्यांनी एकदा गावात चौकशी करावी, आपल्या नावावर तिकडे काय काय चालू आहे. आणि जे मागे राहिले त्यांना माझं म्हणणं एवढंच, की चालवा. पण आम्हाला कळवत जा.

माझं घर आता ते आहे, जिथे मी गेले नाही तर पाणी मिळतं. दर रविवारी मी फोन करते आणि आधी पाणी विचारते. माय म्हणते, हाय. भावजय म्हणते, हाय. मारोती फोनवर येत नाही, पण मागून त्याचा आवाज येतो, मोटारीवर ओरडत असलेला. किशनकाकांच्या पाण्यावर त्याने पुन्हा थोडी हळद केली आहे.

परवा माय म्हणाली, मारोतीच्या मोठ्या लेकीचं जमलं. पोरगा बसमतचा, चांगला आहे. मी पेन घेतलं आणि विचारायला लागले: तारीख, किती माणसं, साड्या किती, मी कधी पोचायला हवं. मायने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "लगनाला पानी लई लागंल, बाई. तू येऊ नको."

मी म्हटलं, "व्हय, माय."